येळवशीचा परत न केलेला डबा

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की मला आठवतो तो एक स्टीलचा डबा. झाकणाला पोचा पडलेला, कडेला एका बाईचं नाव कोरलेलं. त्या डब्यानं निलंग्याच्या एका सुनेला परराज्यातल्या कोठडीपासून वाचवलं. नावं मी कुणाचीच देणार नाही. माणसं हयात आहेत आणि त्यांची सोयरीकही अजून टिकून आहे.

मी मूळचा इस्लापूरचा, किनवटकडचा. नोकरी बहुतेक नांदेड जिल्ह्यात झाली, कंधारला चार वर्षं काढली, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना लातूरच्या सायबर ठाण्यात बदली झाली. चोराच्या मागं धावायचं वय सरलं म्हणून संगणकापुढं बसवलं, असं मला वाटायचं. चिडचिड करतच हजर झालो. तिथं मला एक हवालदार भेटला, निलंगा तालुक्यातलाच. सतत तोंडात बडीशेप, आणि डोकं माझ्यापेक्षा तल्लख. हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आज करतो.

एका बुधवारी दुपारी परराज्यातल्या उपनिरीक्षकाचा फोन आला. अर्ध्या किमतीत मोबाईल देतो म्हणून कुणीतरी लोकांना लिंका पाठवल्या होत्या. लोकांनी पैसे भरले, मोबाईल आले नाहीत. पैसे भरताना पडद्यावर ज्या दुकानाचं नाव दिसत होतं, ते दुकान निलंग्याचं. मालकीण एक बाई. उपनिरीक्षक म्हणाला, "सोमवारी आमचं पथक महिला शिपाई घेऊन येतंय. तोवर पत्त्याची खात्री करून ठेवा. बाईला सुगावा लागू देऊ नका."

मी पत्ता लिहून घेतला. हवालदारानं तो वाचला आणि आवक नोंदवही उघडून माझ्यापुढं ठेवली. चार दिवसांपूर्वी त्याच दुकानाचा अर्ज आमच्याकडं आला होता. "माझे बँक खाते बंद का केले आहे, चौकशी व्हावी." खाली त्याच बाईची सही.

"साहेब, चोर कधी ठाण्यात येऊन म्हणतो का, माझं खातं का बंद केलं म्हणून?" हवालदार म्हणाला.

"शहाणा चोर म्हणतो," मी म्हणालो. पण मनात खुट्ट झालं होतं. अर्जाची चौकशी आपल्याच ठाण्याची, म्हणजे आपल्याला हात घालायला जागा होती. त्याच संध्याकाळी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या त्या कंपनीला नोटीस धाडली. या दुकानाचं खातं कुणाच्या मोबाईलवर उघडलं, पैसे कुठल्या बँकेत गेले आणि खात्यात कोण, कुठून, कधी शिरलं, ते सगळं मागितलं.

गुरुवारी साध्या कपड्यात निलंग्याला गेलो. बाई तिशीतली, कपाळाला विभूती, हाताला पीठ. सासऱ्यांची जुनी भुसारची पेढी होती, तिच्या मागच्या खोलीत हिनं चार बायकांना हाताशी धरून धंदा उभा केला होता. आंबिलीचं पीठ, उंड्यांचं पीठ, भज्जीचा कोरडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, सगळं एका खोक्यात. नाव ठेवलं होतं येळवस पुडा. पुण्या-मुंबईला गेलेले लातूरकर ते मागवायचे.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी लातूरकडचा माणूस घरात थांबत नाही. बायकापोरांसकट शेतात जायचं, ज्वारीत कडब्याची खोपटासारखी कोप करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे, आणि ओल्या शेंगा-भाज्यांची बेसन लावलेली भज्जी, ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, आंबील पोटभर खायचं. ज्याला शेत नाही त्याला दुसरा बोलावतो. आमच्या इस्लापूरकडं हे एवढं नाही. हवालदार मला चिडवायचा, "साहेब, तुमच्याकडं धबधबा हाय, पण येळवस न्हाई. काय उपयोग?"

मी बाईंना म्हणालो, "तुमच्या अर्जाच्या चौकशीला आलोय. ऑनलाइन पैसे घ्यायला सुरुवात कशी केली ते सांगा."

त्यांनी न अडखळता सांगितलं. "आधी माल पोचल्यावर पैसे, असं ठेवलं होतं. तर निम्मी खोकी माघारी. लोक मागवायचे आणि दारात नको म्हणायचे. जायचं भाडं माझं, यायचं माझं. मग माझ्या नंबरचा क्यूआर पाठवाय लागले. तर लोक पैसे भरल्याचा नुसता फोटो पाठवायचे, पैसे यायचेच न्हाईत. दिवसभर पीठ मळू का फोटो तपासू? मग ठरवलं, पेमेंट गेटवे घ्यायचा. पैसे आधी जमा, मग खोकं बाहेर."

"मग थेट कंपनीकडं अर्ज का नाही केला?"

"केला होता की. त्यांनी जीएसटीचा कागद मागितला, करंट खातं मागितलं, परताव्याचं धोरण लिहा म्हणले. पिठाच्या परताव्याचं काय धोरण असतंय साहेब? महिना गेला असता. येळवस वीस दिवसांवर आलेली."

"मग एवढ्या लवकर झालं कसं? कुणी करून दिलं?"

इथं ती बाई थांबली. इतका वेळ सरळ बघून बोलत होती, ती आता हाताचं पीठ झाडायला लागली. "मीच केलं," म्हणाली.

"कुणी मदत केली असेल."

"न्हाई. मीच केलं."

माझा आवाज चढला. "ताई, हे प्रकरण अटकेपर्यंत जाऊ शकतं. कळतंय का तुम्हाला?"

"जाऊ द्या," एवढंच म्हणाली. ओसरीवर बसलेले सासरे उठून आले. म्हातारा माणूस, गळ्यात लिंग. "साहेब, माझ्या सुनेला न्यायच्या आधी मला घिऊन जावा," म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं हे त्यांच्या तोंडावरूनच दिसत होतं.

परत येताना जीपमध्ये मी संतापलो होतो. तीस वर्षांचा माझा ठोकताळा होता, ऐन प्रश्नाला जो गप्प बसतो तो गुन्हेगार. मी म्हणालो, "हीच आहे. सोमवारी देऊन टाकू."

हवालदार बडीशेप चघळत म्हणाला, "साहेब, ती लपून न्हाई राहिली. कुणाला तरी झाकून राहिली. सासरच्या माणसाला. बघा तुम्ही."

मी म्हटलं, कागद काय म्हणतो ते बघू. सोमवार यायला चार दिवस होते आणि बाई दोषी असो की निर्दोष, अर्धवट चौकशीवर मी कुणाला कुणाच्या हवाली करणार नव्हतो. एवढं मी जीपमध्येच ठरवलं.

शुक्रवारी कंपनीचं उत्तर आलं. खात्याला जोडलेला मोबाईल बाईंचा नव्हता. सिमकार्ड एका ऊसतोड मजुराच्या नावावर, फोन बंद. मोबाईलवाल्या लोकांचे पैसे बाईंच्या नेहमीच्या खात्यात गेलेच नव्हते. दुसऱ्याच बँकेत याच दुकानाच्या नावानं एक खातं होतं, तिथं जाऊन तिथूनच काढले गेले होते; पॅन एकच म्हणून बाईंचं नेहमीचं खातंही त्यात बंद झालं होतं. पण त्या खात्याच्या फॉर्मवर फोटो बाईंचा, सही बाईंची, आणि सही खरी. म्हणजे सगळे कागद तिच्याच गळ्यात येत होते. परराज्यातल्या पथकाला एवढंच पुरेसं होतं.

खात्यात शिरणारा माणूस हुशार होता, दर वेळी आपला ठिकाणा लपवून शिरायचा. फक्त एकदा चुकला होता. एके दिवशी साडेबारा ते दोनच्या दरम्यान त्यानं जमा झालेले पैसे त्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळवले, ते लातूरच्या एका साध्या ब्रॉडबँड जोडणीवरून. आम्ही पत्ता काढला. एक व्यापारी संकुल, आणि त्या एका जोडणीवर अकरा ऑफिसं. वकील, विमेवाला, क्लासेस, तिकिटं काढणारे. मी कपाळाला हात लावला. अकरा ऑफिसांची झडती घ्यायची म्हणजे अकरा वॉरंटं आणि अकरा जणांची बोंबाबोंब. आणि मधे दोनच दिवस.

हवालदारानं तारीख वाचली. पुन्हा वाचली. मग ठाण्याची स्टेशन डायरी मागवली आणि त्या तारखेचं पान उघडून माझ्यापुढं धरलं. सकाळपासून रात्रीपर्यंत एकही तक्रार नाही, एकही फोन नाही. हजेरी, बदली, शांतता. मला तो दिवस आठवला. आम्ही ठाण्यात माशा मारत बसलो होतो आणि तीन घरांतून भज्जीचे डबे आले होते.

"येळवस," मी म्हणालो.

"हाव. साहेब, येळवशीला लातुरात कुत्रंबी रस्त्यावर नसतंय. अकरा ऑफिसं असू द्या न्हाईतर अकराशे. आपल्याला एकच विचारायचंय, त्या दिवशी कुणाचं शटर वर होतं."

आयपी पत्त्यानं आम्हाला इमारतीपर्यंत आणलं होतं, आता पुढचं येळवस सांगणार होती. मी त्या माणसाच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याची बडीशेप सांडली.

शनिवारी सकाळी संकुलाच्या चौकीदाराला गाठलं. साठीचा गृहस्थ, डोक्याला रुमाल. मुख्य फाटकाची चावी एकच, ती त्याच्याकडं. मी विचारलं, "येळवशीला इथं कोण होतं?"

"कोण असणार साहेब? मीबी रानात होतो." मग डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "एक होते. पहिल्या मजल्यावरचे, ते ऑनलाइनची कामं करत्यात ते. आदल्या दिवशी चावी मागून घेतली. म्हणलं, अवो उद्या येळवस हाय. म्हणले, अर्जंट काम हाय."

"तुम्ही पाहिलं त्यांना?"

"पाहिलं की. येळवशीला माणूस उपाशी बसतंय म्हणलं की माझ्या घशाखाली घास उतरंना. बायकोनं डबा भरून दिला, सायकलवर घिऊन आलो. उन्हं डोक्यावर आली होती. ते कॉम्प्युटरपुढं होते. मला बघून पडदा झाकला आणि म्हणले, ठेवा तिथं. दुसरं कुणीच नव्हतं, बाकीची सगळी शटरं खाली आणि फाटकाची चावी त्यांच्याच टेबलावर."

मी जबाब लिहून घेत होतो. तो सही करता करता पुटपुटला, "त्यो डबा अजून माघारी आला न्हाई. बायको रोज टोचून राहिली. पण मागावं कसं?"

मी पेन खाली ठेवलं. आपल्याकडं भरून आलेला डबा कुणी ठेवून घेत नाही आणि रिकामा परत देत नाही. ज्याला एवढी साधी रीत पाळावीशी वाटत नाही, त्या माणसाला मी बघायचं ठरवलं.

त्याचं नाव-गाव काढलं तेव्हा हवालदाराचा अंदाज खरा निघाला. तो त्या बाईंच्या नणंदेचा दीर होता. सोयऱ्यातला पाव्हणा.

रविवारी त्याला ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. मी आरोपीला आधी चहा देतो. चहा पिणाऱ्या माणसाचे हात बघता येतात. याचे हात अगदी स्थिर होते.

"मी नुसता अर्ज भरून दिला साहेब," तो म्हणाला. "सोयऱ्याचं काम म्हणून. पुढं वहिनींनी काय केलं, मला काय माहीत? आजकालच्या बायका लई हुशार."

हे ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण चेहरा सरळ ठेवला. "येळवशीला कुठं होतात?"

"शेतात. माणूस आणखी कुठं असतंय?"

"कुणाच्या?"

"औशाकडं, मित्राच्या."

"काय जेवलात?"

"भज्जी, उंडे, आंबील. लई जेवलो साहेब."

मी हवालदाराकडं बघितलं. आम्ही दोन पंच घेतले, पाव्हण्यालाही सोबत घेतला आणि झडतीसाठी त्याच्या ऑफिसात गेलो. माझ्या माणसांनी संगणकाकडं हात नेला. मी म्हणालो, "थांबा. आधी डबा शोधा."

तो हसला. "कसला डबा?"

डबा कपाटाच्या वरच्या फळीवर होता, फायलींच्या मागं. हवालदारानं पंचांसमोर झाकण काढलं. आत रबरी शिक्के आणि रबरबँड लावलेली सिमकार्डं. त्यात ते ऊसतोड मजुराच्या नावाचं सिमकार्डही होतं. मी डबा टेबलावर ठेवला, कडेला कोरलेलं चौकीदाराच्या बायकोचं नाव त्याच्याकडं करून.

"औशाच्या मित्राची बायको आहे का ही?" मी विचारलं.

त्यानं नाव वाचलं. चहाच्या वेळी न हललेले हात आता टेबलाची कड शोधायला लागले. मग बोलायला लागला, तो थांबेचना. सही घेताना "गेटवेचा कागद आहे" म्हणून खात्याचा फॉर्म पुढं केला. अर्जात स्वतःचा नंबर टाकला, म्हणजे बाईंच्या मोबाईलवर काही येणारच नाही. येळवशीला गडबडीत पैसे काढायचे होते, ठिकाणा लपवायची ती भानगड चालेना, म्हणून तसाच शिरला. त्याला वाटलं, आज गावात बघायला आहे कोण!

सोमवारी पथक आलं, महिला शिपाई घेऊनच. मी जबाब, पंचनामा आणि मूळ माणूस त्यांच्यापुढं ठेवला. उपनिरीक्षकानं सगळं दोनदा वाचलं. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं करून ते पाव्हण्याला घेऊन गेले. त्याआधी बाईंचा साक्षीदार म्हणून जबाब हवा होता, म्हणून मी त्यांना निलंग्याला घेऊन गेलो.

बाई दारातच उभ्या होत्या. पायाशी कापडी पिशवी, आत दोन लुगडी आणि टॉवेल. महिला शिपायाला बघून म्हणाल्या, "चला."

"ही पिशवी कधी भरली?" मी विचारलं.

"गुरुवारी. तुम्ही ज्या नजरेनं बघून गेलात, तवाच भरली."

तीस वर्षांच्या नोकरीत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी म्हणालो, "पिशवी आत ठेवा ताई. तुमच्या नणंदेच्या दिराला पकडलंय."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. "नाव कुणी सांगितलं?"

"तुम्ही नाही सांगितलं. डब्यानं सांगितलं."

मग त्या रडल्या. इतके दिवस दाबलेलं सगळं बाहेर आलं. "लेकरू पाच महिन्याचं हाय हो माझ्या नणंदेचं. मी तिच्या दिराचं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला माहेरी आणून टाकलं असतं. मी चार दिवस आत बसून येईन, पण तिचं घर?" सासरे हे पहिल्यांदाच ऐकत होते. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हातारा एवढंच म्हणाला, "पोरी, मला तरी सांगायचं." नणंदेच्या घरी मी स्वतः गेलो आणि बजावलं की पकडलं ते पोलिसांच्या तपासानं, तुमच्या सुनेच्या माहेरच्यांनी एक शब्द काढलेला नाही. तिच्या सासूनं ते ऐकलं, आणि नणंद नांदतेय.

खातं सुटायला महिना लागला. मग बाईंनी नवा अर्ज स्वतः भरला. तो दोनदा परत आला, पाटीवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नाही म्हणून. त्यांनी पाटी बदलली. परताव्याच्या धोरणात लिहिलं, "पीठ फुटलं असेल तर दुसरं पाठवू, भांडू नये." कंपनीनं ते मान्य केलं. चौकीदाराचा डबा मुद्देमालात जमा होता, तो पुढं बंधपत्रावर सुटला. हवालदारानं त्यात गुळाचा खडा टाकून तो स्वतः नेऊन दिला.

आता लोक मला विचारतात, साहेब, ऑनलाइन धंद्याला कुठला गेटवे बरा? मी म्हणतो, कुठलाही घ्या, पण अर्जात मोबाईल कुणाचा आहे आणि पैसे कुठल्या खात्यात जाणार, ते स्वतः वाचा. पाव्हण्याला कागद मागायला लाजू नका. खरा पाव्हणा असेल तर तो रागावणार नाही. पण मला स्वतःला मिळालेला धडा वेगळाच आहे. खोटं बोलणाऱ्याला बोलतं कसं करायचं, हे मला येत होतं. खरं माणूस गप्प का बसतं, हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं. चार दिवस कमी पडले असते तर मी एका निर्दोष बाईला माझ्या जीपमध्ये बसवून दिलं असतं, आणि कर्तव्य केलं म्हणून झोपलोही असतो. 

निवृत्त झाल्यावर मी इस्लापूरला आलो. गेल्या येळवशीच्या आधी मोबाईलवरून एक पुडा मागवला. पैसे भरताना पडद्यावर बाईंच्या दुकानाचं नाव आलं, मी ते दोनदा वाचलं. आठ दिवसांनी खोकं आलं. पिठं होती, चटणी होती, आणि मी मागवलेला नव्हता असा एक स्टीलचा डबा, शेंगदाण्याच्या लाडवांनी भरलेला. कडेला बाईंचं नाव कोरलेलं.

नाव असलेला डबा ठेवून घेता येत नाही आणि रिकामा देता येत नाही. आमच्याकडच्या मोहाची फुलं वाळवून त्यात भरून ठेवली आहेत. येत्या येळवशीला मी निलंग्याला जाणार आहे.